अठ्ठेचाळीस व्होल्ट, पण कोणत्या घराण्याचे?

ई-रिक्षाच्या सीटखाली शिशाच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडून बसवलेल्या असतात. प्रत्येकी १२ व्होल्ट, मिळून ४८. त्या दमल्या की त्यांच्या जागी लिथियमचा एकच डबा बसवून घेण्याची पद्धत आता रुळते आहे. गाडीवरचे ओझे बरेच हलके होते, एका चार्जमध्ये फेऱ्या जास्त होतात, आणि डब्यावर लिहिलेले असते तेही ४८ व्होल्टच. मग चालता चार्जर का टाकून द्यायचा, असा प्रश्न मालकाला पडतो. त्याचे उत्तर साध्या भागाकारात मिळते. शिशाच्या चार बॅटऱ्या काठोकाठ भरायच्या तर चार्जरला ५८ व्होल्ट किंवा थोडे वरच जावे लागते. लिथियमचा डबा निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचा असेल, तर त्यात बहुधा १३ सेल एकापुढे एक असतात. अशा सेलची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे डब्याची ५४.६. त्याला ५८ दिले की प्रत्येक सेलच्या वाट्याला साडेचारच्या जवळपास येतात. डबा लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचा आणि १६ सेलचा असेल तर त्याची मर्यादा ५८.४ आणि १५ सेलचा असेल तर पावणेपंचावन्न. तिन्ही डब्यांवर आकडा मात्र एकच छापलेला. हा नाममात्र आकडा बॅटरीबद्दल फार थोडे सांगतो. ती कशाची बनली आहे आणि कुठे थांबायला हवे, हे तो सांगतच नाही.

वाहनाच्या बॅटऱ्यांची तुलना करताना आपण सहसा विचारतो, यातली सुरक्षित कोणती? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. प्रत्येक रसायनाचे स्वतःचे पथ्य असते, आणि ते पाळले तर यातली कोणतीही बॅटरी वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते. घोटाळा होतो तो एका रसायनाच्या सवयी दुसऱ्याच्या माथी मारल्यामुळे. शिशाच्या बॅटरीने दीडशे वर्षांत आपल्या हाताला ज्या सवयी लावल्या, त्यांतल्या निम्म्या लिथियमला चालत नाहीत. का चालत नाहीत हे कळायला एकच गोष्ट विचारावी लागते. बॅटरी पूर्ण भरल्यावरही वीज येतच राहिली, तर ती जादा वीज जाते कुठे?

शिशाच्या बॅटरीचे उत्तर असे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवलेली ही रचना मुळात फारशी बदललेली नाही. एक प्लेट शिशाच्या डायऑक्साइडची, दुसरी सच्छिद्र शिशाची, मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि ॲसिड पाणचट होत जाते. म्हणूनच बॅटरीवाला हायड्रोमीटर बुडवून घनता पाहतो आणि बॅटरीत किती जीव उरला आहे ते सांगतो. चार्ज करताना हीच क्रिया उलटी होते. प्लेटांवरचे सल्फेट संपले की येणारी वीज आतल्या पाण्याचेच विघटन करू लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात. भरलेल्या हंड्यातून पाणी ओसंडावे तशी जादा वीज वायूच्या रूपाने बाहेर पडते आणि प्लेटांना फारशी इजा होत नाही. या ओसंडण्याने आणखी एक काम आपसूक होते. एका रांगेतल्या सहा सेलपैकी एखादा आधी भरला, तर तो बुडबुडे सोडत बाकीच्यांची वाट पाहतो. त्यामुळे अतिशय ओबडधोबड चार्जरवरही शिशाची बॅटरी तग धरते. आपली बेफिकिरी तिने इतकी वर्षे खपवून घेतली ती यामुळेच.

पण हीच क्षमाशीलता तिच्या धोक्याचेही मूळ आहे. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन ठिणगीने पेटतो, आणि ही ठिणगी बहुतेक वेळा आपणच पाडतो. चार्जर चालू असताना चिमटा उपसला की तिथे ठिणगी उडते, म्हणून आधी बटण बंद करायचे आणि मग चिमटा काढायचा. मोटारीची बॅटरी सोडवताना निगेटिव्ह टर्मिनल आधी आणि बसवताना शेवटी, हा गॅरेजमधला नियम निव्वळ रिवाज नाही. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हचा नट आधी सैल करताना पान्हा बॉडीला टेकला तर शॉर्ट होते आणि त्या पान्ह्यातून शेकडो अँपिअर वाहतात. बारा व्होल्टला झटका बसत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्याची अंगठी किंवा मनगटातले कडे त्या प्रवाहाने लालबुंद होऊ शकते, तेव्हा ते आधी उतरवून ठेवलेले बरे. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावतानाही शेवटचा निगेटिव्ह चिमटा उतरलेल्या बॅटरीवर लावायचा नसतो. तो तिच्यापासून दूर, इंजिनच्या धातूला लावायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी वायूजवळ पडत नाही. उडून गेलेले असते ते पाणी, ॲसिड नव्हे. म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरची, आणि प्लेटा उघड्या पडलेल्या नसतील तर चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. ॲसिड डोळ्यांत उडाले तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धूत राहायचे आणि मग दवाखाना गाठायचा. सीलबंद बॅटरीत ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि वायू बहुतांशी आतल्या आत पुन्हा पाणी बनतो. त्यामुळे पाणी घालण्याचे काम उरत नाही, पण जादा चार्जिंग तिलाही बाधते. तिची झडप उघडून वायू सुटतो, पाणी कायमचे जाते आणि पेटी फुगते.

निकेल-मेटल हायड्राइडबद्दल थोडक्यात आटोपता येईल, कारण तिला वाहनधारकाचा हात फारसा लागतच नाही. १९९७ मध्ये जपानात आलेल्या टोयोटा प्रियसने तिला रस्त्यावर आणले, आणि आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉससारख्या हायब्रिड गाड्यांत ती आजही आहे. जादा वीज ती उष्णतेत बदलते, म्हणून तिला हवा खेळती लागते. सीटजवळची वाऱ्याची जाळी सामानाने बुजवू नये, एवढे पथ्य मालकाने सांभाळले तरी पुरते.

आता लिथियम-आयन. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इथे लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि बाहेर पडतात. दोन बाजूंमध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि आतला द्रव ज्वलनशील असतो. जादा वीज ओसंडून जाईल अशी वाट या रचनेत कुठेच नाही. जास्त दाब दिला की पॉझिटिव्ह बाजूतून नको तितके लिथियम उपसले जाते आणि तिची घडण डळमळते. दुसरीकडे ग्रॅफाइटमध्ये मावेनासे झालेले लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागते. सेल तापला की शंभर अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरचे संरक्षक आवरण विघटित होऊ लागते, १३० च्या सुमारास पडदा वितळू लागतो, आणि पुढे निकेल-कोबाल्ट घराण्याच्या संयुगातून ऑक्सिजन सुटतो. मग आगीला बाहेरच्या हवेची फारशी गरज उरत नाही. एक सेल शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या पुढच्याला. हे टाळण्यासाठी प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा डब्यात बसवलेली असते. तिला बीएमएस म्हणतात. शिशाच्या बॅटरीत बुडबुडे जे काम फुकटात करतात, तेच इथे या यंत्रणेला करावे लागते. चुकीच्या चार्जरपासून डबा वाचतो तो तिच्यामुळेच. पण ती शेवटचा बांध म्हणून दिलेली असते. रोज रात्री त्या बांधावर रेलून चार्जिंग करणे म्हणजे तो एक दिवस निकामी होईल याची तजवीज करणे होय.

हा मूलभूत फरक ध्यानात आला की बाकीची पथ्ये पाठ करावी लागत नाहीत. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेली ठेवली तर प्लेटांवरचे सल्फेट घट्ट होऊन बसते आणि ती वाया जाते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ती पूर्ण भरून ठेवायची. लिथियमचे नेमके उलट. काठोकाठ भरलेली आणि उन्हात उभी, ही तिच्यासाठी सर्वांत वाईट अवस्था, तेव्हा मोठ्या सुट्टीआधी ती निम्म्याच्या आसपास ठेवावी. त्यातही पोटभेद आहे. आयर्न-फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा बीएमएसचा अंदाज हळूहळू घसरतो. म्हणून ती अधूनमधून शंभर टक्के भरावी, असे उत्पादक सांगतात. निकेल-कोबाल्ट जातीला मात्र रोज शंभरापर्यंत नेणे आयुष्य कमी करणारे ठरते. उष्णता तर कोणालाच मानवत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी फिरून आलेली लिथियमची स्कूटर निवण्याआधीच चार्जरला लावणे हेही त्याच मालिकेतले.

अपघातांच्या नोंदी काय सांगतात ते पाहू. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे गेली. यांत मोठा वाटा होता तो जिने चढून घरात आणल्या जाणाऱ्या ई-बाइक आणि तत्सम वाहनांच्या बॅटऱ्यांचा. शहराने त्यावर केलेले कायदे पाहण्यासारखे आहेत. त्यांनी लिथियमवर बंदी घातली नाही. प्रमाणित चाचणी न झालेल्या बाइक व बॅटऱ्या विकायला मनाई केली, आणि वापरलेल्या बॅटऱ्यांतले सेल काढून नवा डबा जोडून विकण्यावरही. शेव्हरोले बोल्ट या मोटारीची कथा वेगळी. तिच्या काही सेलमध्ये टोक फाटलेले आणि पडदा दुमडलेला, असे दोन्ही दोष एकत्र आढळले, आणि कंपनीला २०२१ पर्यंत सगळ्या बोल्ट परत बोलवाव्या लागल्या. तिथे मालकाची चूक नव्हती, चार्जरचीही नव्हती. २०२२ हे वर्ष आपल्याकडे वाईट गेले. वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूममधून वरच्या लॉजमध्ये धूर चढला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. त्या वर्षी या घटनांआधी लागलेल्या आगींनंतर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि दुचाकी-तिचाकींसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. सेल, बीएमएस, चार्जर, डब्याची रचना, आणि एका सेलमधला बिघाड इतरांत पसरू न देणे, या साऱ्यांच्या अटी त्यात आल्या. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. त्या यादीत चार्जर आहे, हे माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. धोका रसायनाइतकाच जोडणीत असतो, हे नियम करणाऱ्यांनीही मानले आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की पेट्रोलच्या गाड्या कितीतरी जास्त जळतात, मग विजेच्या गाड्यांचाच बाऊ का? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. स्वीडनमधल्या नोंदींत दर लाख गाड्यांमागे विजेच्या मोटारींना आग लागण्याचे प्रमाण बरेच कमी दिसते. विजेच्या गाड्या अजून नव्या आहेत हे जमेस धरले, तरी दिशा बदलेल असे वाटत नाही. पण ही तुलना मोटारींची आहे. मोटारीचा डबा चेसिसखाली बंदिस्त असतो, त्याला वेगळी शीतयंत्रणा असते, आणि तो उघडायला मालक जात नाही. स्कूटरची बॅटरी काढून घरात येते, दाराजवळ किंवा पलंगाखाली चार्ज होते, आणि ती बिघडली तर नाक्यावरचा कारागीर ती खोलतो. पेट्रोलची टाकी कोणी झोपायच्या खोलीत आणून भरत नाही. आगींची संख्या कमी आहे म्हणून त्या कुठे लागतात याकडे कानाडोळा करता येणार नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. आयर्न-फॉस्फेट आली, ती पेटत नाही, प्रश्न मिटला. तिच्या संयुगात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती तापूनही सहजी भडकत नाही, हे निर्विवाद. आपल्या हवामानात दुचाकीसाठी मीही तिलाच झुकते माप देईन. पण भडकत नाही याचा अर्थ वायू सोडत नाही असा होत नाही. आतला द्रव तोच ज्वलनशील, आणि तापलेल्या सेलमधून सुटणाऱ्या वायूत हायड्रोजनचे प्रमाण मोठे असते. एप्रिल २०२१ मध्ये बीजिंगच्या एका वीजसाठा केंद्रात आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्यांच्या आगीनंतर स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे दोन जवान ठार झाले. म्हणजे वायू कोंडला की ही शांत जातही शिशाच्या बॅटरीच्याच मार्गाने जाते. खिडक्या बंद असलेली खोली दोघींनाही नको. सोडियम-आयन बॅटरीबद्दलही आता असेच बोलले जाऊ लागले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले तंत्रज्ञान जाहीर केले. ही बॅटरी वाहतुकीसाठी शून्य व्होल्टपर्यंत उतरवता येते, हा तिचा मोठा गुण आहे. पण तिची चार्जिंगची मर्यादा पुन्हा निराळी, आणि उतरतानाची घसरण लिथियमपेक्षा बरीच लांबवरची.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. रिक्षावाल्याने किंवा घरच्या माणसाने रसायनशास्त्र शिकावे अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. मान्य. म्हणूनच ही जबाबदारी वस्तूच्या घडणीवर यायला हवी. चुकीच्या चार्जरची पिन डब्यात बसताच कामा नये, आणि बसलीच तर चार्जर व डब्याने आधी एकमेकांशी संकेतांची देवाणघेवाण करावी, मगच वीज सुरू व्हावी. मोटारींत हे आजही घडते. स्वस्त दुचाकींत आणि बदलून बसवलेल्या डब्यांत मात्र सर्रास तेच साधे कनेक्टर दिसतात. ते सुधारेपर्यंत ग्राहकाने तीन गोष्टी लिहून मागाव्यात. डब्याचे रसायन, रांगेतल्या सेलची संख्या, आणि पूर्ण चार्जचे व्होल्ट. चार्जरवर छापलेला आकडा या तिसऱ्या आकड्याशी जुळला पाहिजे. जो दुकानदार हे सांगू शकत नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये.

घरातल्या वापरापुरते सांगायचे तर लिथियमचा डबा बाहेर पडायच्या वाटेत, जिन्याखाली किंवा दाराशी चार्ज करू नये, कारण आग लागली तर तीच वाट बंद होते. फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर, माणसे जागी असताना चार्ज करावा. डबा फुगला, विचित्र गोडसर वास आला किंवा फुसफुसण्याचा आवाज ऐकू आला, तर चार्जर बंद करून माणसांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, त्यामुळे डबा उचलून बाहेर नेण्याचे धाडस अंगाशी येते. कोरड्या पावडरचे सिलिंडर ज्वाळा विझवते, सेल थंड करत नाही. म्हणून अग्निशमन दल भरपूर पाणी मारत राहते, आणि विझलेली आग काही तासांनी पुन्हा उसळू शकते. लिथियमवर पाणी टाकू नये ही समजूत लिथियम धातूची आहे, या बॅटरीची नव्हे. पुरात बुडालेल्या गाडीचे मात्र वेगळे. २०२२ च्या इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी नंतर पेट घेतला. कोकणात खाडीचे पाणी वस्तीत शिरते तिथे हे लक्षात ठेवावे. अशी गाडी सुकली तरी चार्जरला लावू नये, आणि तपासणी होईपर्यंत ती भिंतींपासून व इतर वाहनांपासून दूर उभी करावी.

राहिला प्रश्न जुन्या बॅटरीचा, आणि इथे शिशाची बाजू एकदम काळी होते. वाहनाची शिशाची बॅटरी भंगारवाला रोख पैसे देऊन नेतो, कारण तिच्या वजनाचा मोठा भाग शिसेच असते. पण ती अंगणात फोडून भट्टीवर वितळवली की शिसे मातीत आणि मुलांच्या रक्तात जाते. सेनेगलमधल्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत २००७-०८ मध्ये बॅटऱ्यांतल्या शिशाने काही महिन्यांत १८ मुले दगावली. त्यात ना ज्वाळा होत्या ना स्फोट, म्हणून असे मृत्यू आपल्या तुलनेच्या तक्त्यात येत नाहीत. लिथियमची अडचण उलटी आहे. कोबाल्ट नसलेल्या आयर्न-फॉस्फेट डब्यातून मिळकत थोडी, त्यामुळे तो विकत घ्यायला भंगारवाला फारसा उत्सुक नसतो. मग डबा माळ्यावर पडून राहतो किंवा कचऱ्याच्या गाडीत चिरडला जाऊन पेट घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्यासाठी ठेव-परताव्याची किंवा परत खरेदीची योजना चालवण्याची मुभाही त्यांना आहे. आपल्या गाडीच्या कंपनीकडे अशी योजना आहे का आणि डबा परत देताना टर्मिनलवर चिकटपट्टी लावून तो नेमका कोणत्या केंद्रावर न्यायचा, हे गाडी विकत घेतानाच विचारून घ्यावे. वॉरंटी संपल्यावर डबा परत घ्यायला दुकानदार सहसा राजी नसतो.